सिंधूबाईच्या गोळ्या

गोरेगाव,
११ फेब्रुवारी २०२५

विकास,

सलाम. यापुढं नेहमीसारखी खुशाली लिहायला घेतली होती, पण हात पुढं जाईना. म्हणून सरळच लिहिते.

सिंधूबाई भाजली. चुलीपुढं भाकरी थापत बसली होती, तिथंच तिला फेफरं आलं आणि ती पुढं कलंडली. उजवा हात जाळात गेला. गालाची एक बाजू तव्याला लागली. सासू अंगणात शेळीला पाला टाकत होती, तिला वास आला तेव्हा ती आत धावली. तिचा नवरा रामकिशन घरी नव्हता. कनेरगाव नाक्याकडं कोणाच्या तरी वावरात खतासाठी मेंढरं बसवायला गेला होता. तो येईपर्यंत गल्लीतल्या लोकांनी तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं आणि तिथून नांदेडला पाठवलं. सरकारी दवाखान्यात आहे, जळीत वॉर्डात.

मी काल तिला पाहून आले. पाहून आले म्हणते, पण खरं तर पहिल्यांदा मी तिला ओळखलंच नाही. पुढच्या खाटेकडं निघाले होते. तिनंच हाक मारली, "बाई, मी हिकडं हाय."

मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी गोळी राहिली असेल. बायका घरच्या धबडग्यात विसरतात. मी तिच्याजवळ बसून हळूच विचारलं, "गोळी चुकली होती का गं?"

ती म्हणाली, "चुकली न्हाई बाई. बंदच केल्ती."

"कधी?"

"संक्रांतीच्या आदी. विकासभाऊनं सांगितलं ना."

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू मला ठाऊकच आहे. मग तिला माझ्या तोंडाकडं पाहून शंका आली असावी. म्हणाली, "तुमाला ठाऊक न्हाई? मला वाटलं, तुमीच त्याला सांगाय लावलं."

विकास, हे खरं नाही असं मला लिहून पाठव. ती औषधाच्या गुंगीत होती, तिनं कोणाचं तरी बोलणं तुझ्या नावावर घातलं असेल, असं मी परतीच्या बसमध्ये सारखं स्वतःला सांगत होते. तुझा फोन बंद आहे. बसमधून उतरून तशीच तुझ्या खोलीवर गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, शिरड शहापूरला आईवडिलांकडं गेलाय. म्हणून हे पत्र तिकडं टाकते आहे. तू गेलास तो भाजल्याची बातमी कळल्यावर गेलास का आधीच, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

तू आलास तेव्हा सिंधूबाई चांगली हिंडतीफिरती होती. तिचे आधीचे दिवस तू पाहिले नाहीस. पहिल्यांदा ती माझ्याकडं झंपर शिवायला आली होती. माप घेता घेता माझ्या मशीनजवळ कोसळली. तोंडाला फेस, डोळे पांढरे. तिची सासू दारात उभी होती, ती म्हणाली, "हिच्या अंगात येतं, हात लावू नका." चार वर्षं तिला झाडणीला नेत होते. कोणी लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं होतं, कोणी मिरच्यांची धुरी दिली होती. मी रामकिशनला बोलावून म्हणाले, एकदा माझ्यासोबत हिंगोलीला चल, डॉक्टरला दाखवू. तो तयार झाला. डॉक्टर म्हणाले, गोळी रोज घ्यायची, माझ्याशिवाय कोणाचं ऐकून बंद करायची नाही. पहिली गोळी तिनं माझ्या घरी, माझ्या तांब्यातल्या पाण्यानं घेतली. मी प्रार्थना करून दिली होती. मला त्या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

त्यानंतर फेफरं आलं नाही. दिवाळी आली, गेली, परत आली. मी तिला देवाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. एका रविवारी तीच म्हणाली, "बाई, तुमी एकट्याच दार लावून गाणं म्हणता, ते काय असतंय?" आपल्या रविवारच्या प्रार्थनेच्या संगतीतली पहिली बाई ती. मग मोबाईल दुरुस्तीवाला शिवहार आला, मग भाजीवाली रूपाबाई, मग दोनतीन घरं. मी शिंपीण. लोकांच्या प्रश्नांना पुरायची नाही, म्हणून हिंगोली, वसमत, नांदेड, जिथं जिथं ओळख होती तिथं लिहिलं, की नवीन लोक आहेत, त्यांना धीर देणारा कोणी सोबती पाठवा. सगळ्यांनी प्रार्थना करतो म्हणून कळवलं. आला तू एकटा. मोटरसायकल अंगणात लावून "पद्मामावशी, मी राहायलाच आलोय" म्हणालास, तेव्हा मी मशीनवर डोकं ठेवून रडले होते, तुला ठाऊक नाही.

लगेच उत्तर लिही. दोन ओळी लिही.

पद्मामावशी


गोरेगाव,
१९ फेब्रुवारी

विकास,

तुझं उत्तर आलं, पण माझ्याकडं नाही. शिवहारच्या मोबाईलवर आलं, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या नंबरवरून. त्यानं मला वाचून दाखवलं. "मी कोणालाही गोळ्या बंद करा म्हणालो नाही. विश्वास ठेवा एवढंच म्हणालो."

मला इतकं हलकं वाटलं की मी शिवहारला चहा ठेवला. म्हणाले, बघ, मला वाटलंच होतं.

शिवहार चहा पीत म्हणाला, "म्हणाले न्हाईत, बराबर हाय. त्यांनी हातानं घेतल्या."

मी विचारलं, म्हणजे काय. त्यानं सांगितलं. मी भाचीच्या लग्नाला वाशिमला गेले होते, त्या रविवारची गोष्ट. तू माझ्याच घरात, बरं होण्यावर बोललास. तुझ्या आईचा दमा प्रार्थनेनं कसा गेला ते सांगितलंस. मग विचारलंस, इथं कोण आहे जो अजून माणसाच्या औषधाला धरून आहे. सिंधूबाईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. तू हात पुढं केलास. तिनं ते तुझ्या हातावर ठेवलं. तू खिशात घातलंस आणि म्हणालास, आता मागं वळून पाहायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिवहारनं हे मला लाजत सांगितलं नाही. तो खुशीत सांगत होता. म्हणाला, हिंगोलीला त्याच्या मित्रांना त्यानं देवाच्या कामाची साक्ष म्हणून हे ऐकवलं आहे.

मी म्हणाले, "अरे, ती भाजली. तिचा हात गेला असता."

तो म्हणाला, "तकलीफ झाली, मला बी वाईट वाटतंय. पण विकासभाऊचं चुकलं न्हाई, बाई. तिचा विश्वास कमी पडला."

विकास, सिंधूबाईचं तोंड पाहून मला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा हे वाक्य ऐकून बसला. शिवहार वाईट पोरगा नाही. दारू सोडून आला आहे. आईवर हात उगारत होता, तो आता तिच्यासाठी पाणी भरतो. त्याच्या तोंडून असं निबर वाक्य कुठून आलं? मी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. त्यानं कप विसळून ठेवला. तू शिकवलंस असं मी म्हणत नाही. पण ज्यानं पाकीट खिशात घातलं त्याचं चुकलं नाही म्हटलं, की मग चूक जायला दुसरी जागा राहतेच कुठं. ती जळालेल्या बाईवरच जाते.

अजून एक आहे. संध्याकाळी बाजारात रूपाबाईच्या गाड्यावर मेथी घ्यायला थांबले. तिला सांगितलं की सिंधूबाईनं गोळ्या बंद केल्या होत्या. ती म्हणाली, "मी बी केल्या ना. साखरंच्या. त्याच दिशी. मला काही झालं न्हाई, तिलाच कसं झालं?"

मी खाली पाहिलं. तिचे पाय सुजलेले होते. रोज बघते मी तिला आणि मला दिसलं नव्हतं.

मी तिला घरी बसवून खूप समजावलं. ती माझं ऐकून घेते, मान हलवते आणि म्हणते, "तुमी शिवणकामवाल्या बाई. त्यो शिकून आलेला हाय. त्यो सांगल तर घेईन."

म्हणून तुला लिहिते. भांडायला नाही. माझ्या बोलण्यानं हे निघत नाही. तू घातलेली गाठ आहे, तुझ्याच हातानं सुटेल. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग, गोळ्या घ्या. बाकी तू मला काही सांगू नको, समजावू नको. फक्त ये.

पद्मामावशी


गोरेगाव,
३ मार्च

विकास,

तू आला नाहीस. हे पत्र तुला मिळेल तेव्हा रामकिशन तुझ्या दारात येऊनही गेला असेल. पोस्ट उशिरा पोचते, जीप लवकर. तरी लिहिते, कारण मी काय केलं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

काल दुपारी तो आला. मी मशीनवर होते. संगतीला कोणी आलं नव्हतं. गावात बोलणं सुरू झाल्यापासून लोक यायचे थांबलेत. सिंधूबाईचे दीर म्हणतात, ही बाई लोकांचा देव सोडवते आणि वरून जीव घेते, ठाण्यात अर्ज देऊ. मला परवा किराणावाल्यानं सामान दिलं, पण तो बोलला नाही.

रामकिशन उंबऱ्याजवळ बसला. काठी बाजूला ठेवली. मेंढरं वळणाऱ्याच्या हातात काठी असतेच, पण काल माझी नजर तिच्यावरून हटेना. मी पाणी दिलं. त्यानं ते घेतलं, मग मला धीर आला.

"बाई, एक विचारतो. खरं सांगा."

"विचार."

"गोळ्या तुमीच चालू केल्या. मंग तुमच्याच घरात बंद काहून झाल्या?"

मी म्हणाले, "त्या दिवशी मी नव्हते, रामकिशन."

"तुमी नव्हत्या. घर तर तुमचंच व्हतं ना."

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मला देवधर्मातलं काई कळत न्हाई. ती तुमच्याकडं यायला लागली तवा भाऊ म्हनले, बंद कर. मी म्हनलो, येऊ द्या. तिचं फेफरं थांबलंय, ती हासते, मला काय करायचंय. मला सांगा, गोळी बंद कर, हे तुमच्या देवानं सांगितलं का त्या पोरानं?"

"पोरानं."

"देवानं न्हाई?"

"नाही. देवानं नाही सांगितलं."

हे मी इतक्या ठामपणे आयुष्यात काही बोलले नसेन.

तो म्हणाला, "मंग त्याचं गाव सांगा."

मी मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. तो म्हणाला, "भाऊ म्हनतेत, ठाण्यात चल. मी अजून गेलो न्हाई. मला आदी त्याचं तोंड पाहायचंय."

"मारशील त्याला?"

"ठाऊक न्हाई, बाई."

तो खोटं बोलला असता तर मी तुझं गाव सांगितलं नसतं. मारणार नाही म्हणाला असता तरी नसतं सांगितलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यानं मला तसंच सांगितलं. मी म्हणाले, शिरड शहापूर. वडिलांचं नाव जळबा. घर शाळेच्या मागं.

तो उठला. दारातून मागं वळून म्हणाला, "तिला हे सांगू नका. ती माझ्यावर चिडंल."

रात्रभर मी विचार केला की मी हे काय केलं. माझ्या दाराशी राहायला आलेल्या पोराचा पत्ता मी एका काठीवाल्याच्या हातात दिला. अजूनही मला उमगत नाही, बरोबर केलं का चूक. पण त्याचा तुझं तोंड पाहायचा हक्क मला नाकारता आला नाही. तू घरात दडून बसू नको, एवढंच मागते. जळबाभाऊंना बाहेर पाठवू नको. स्वतः बाहेर ये.

पद्मामावशी


गोरेगाव,
१२ मार्च

विकास,

मी सोमवारी दवाखान्यात गेले होते. तू मला पाहिलं नाहीस.

वॉर्डाच्या दारातून आत बघितलं तर सिंधूबाईच्या खाटेजवळ कोणीतरी पाठमोरं बसलेलं. हातात स्टीलचा डबा. चमच्यानं तिला खिचडी भरवत होता. मला वाटलं, तिचा भाऊ असेल. मग त्यानं मान वळवली, आणि तो तू होतास.

मी आत आले नाही. तशीच मागं फिरले आणि बाहेर नळाजवळच्या ओट्यावर बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही. मी काय काय धरून चालले होते. तुझं डोकं फुटलं असेल, तू पळाला असशील, ठाण्यात असशील. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिथं मला रामकिशन भेटला. गावाकडं निघाला होता, मेंढरांकडं. त्यानं सांगितलं तसं लिहिते. वेगळं असेल तर तू सांग. तो म्हणाला, तो तुझ्या घरी पोचला तेव्हा तू आतल्या खोलीत होतास आणि तुझ्या वडिलांनीच तुला हाक मारून बाहेर बोलावलं. तू आलास. तुझे ओठ वाळले होते. जळबाभाऊ मध्ये उभे राहिले नाहीत, बाजूला झाले. रामकिशन म्हणाला, "बाई, मी लई ठरवून गेल्तो. पण पाहिलं तर लेकरूच हाय ते. मारून काय करू? मला मेंढराकडं जायचंय, आई थकून गेली, हिला दोन घास घालायला माणूस न्हाई. मी म्हनलो, चल. तिला जेवू घाल."

आणि तू गेलास.

पट्टी बदलताना तिला काय होतं ते तू आता पाहिलं असशील. मला एकदाच पाहवलं. मी विचारलं नाही, तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलता. रामकिशन म्हणाला, काहीच बोलत नाहीत. ती तोंड उघडते, तू घास देतोस. तिनं रामकिशनला एवढंच सांगितलं, "त्याला खिचडी पातळ करून आणाय सांगा, गाल दुखतो."

आता दुसरं. रूपाबाई काल बाजारात गाड्यावरच चक्कर येऊन पडली. शेजारच्या केळीवाल्यानं धरली म्हणून डोकं वाचलं. दवाखान्यात साखर मोजली तर डॉक्टर माझ्यावरच ओरडले. त्यांनी सलाइन लावलं, गोळ्या परत लिहून दिल्या. घरी आल्यावर तिनं पाकीट भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. म्हणते, "आता मदीच घेतली तर देव म्हनल, हिचा बी विश्वास कमी पडला."

ऐकलंस? शिवहारचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं आहे. मी तिच्यापुढं हात जोडले, विकास. माझ्याहून वयानं मोठी बाई, मी तिच्या पाया पडले. ती रडली, पण गोळी घेतली नाही.

या रविवारी ये. होळीची गर्दी उतरलेली असेल, सेनगावपासून जीप मिळेल. मी शिवहारला निरोप देते, घरोघर जाऊन बाकीच्यांना बोलावते. कोणी आलं नाही तर रूपाबाई तरी असेल. तुला शब्द सुचत नसतील तर कमी बोल. पण तिच्या देखत बोल.

पद्मामावशी


गोरेगाव,
२८ एप्रिल

विकास,

तुझं पत्र मिळालं. माझ्या नावानं आलेलं तुझं हे पहिलंच पत्र. उत्तराला उशीर झाला, कारण तू जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याजवळ कालपर्यंत नव्हतं.

आधी बाकीचं सांगते. त्या रविवारी तू चहा न घेता निघून गेलास, त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. तू भिंतीला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, "गोळ्या मी घेतल्या. देवानं सांगितलं नव्हतं. सिंधूताईचा विश्वास कमी पडला नाही, माझी अक्कल कमी पडली." शिवहार त्यावर काय बोलला ते तू ऐकलंसच. "पोलिसाला भिऊन बोलून राहिले तुमी." तो गेला तो अजून आलेला नाही. हिंगोलीला कोणा मोठ्या सभेला जातो म्हणे. मी त्याच्या टपरीवर दोनदा गेले. माझ्याशी चांगला बोलला, खुर्ची दिली. पण येतो म्हणाला नाही. त्याला तुझी माफी नको आहे, विकास, त्याला तुझं आधीचं भाषणच हवं आहे. हे मला फार लागलं. त्याच्यासाठी दार उघडं आहे, एवढंच मी करू शकते.

रूपाबाई मात्र तू गेल्यावर बराच वेळ बसून होती. मग म्हणाली, "मंग आदीच सांगायचं ना लेकरानं. मी कवाची वाट पाहून राहिले." पदराच्या गाठीतून पाकीट काढलं आणि पाणी मागितलं. देवळीतून काढून गाठीला बांधून आणलं होतं तिनं, तू येणार म्हणून. आता रोज घेते. सूज उतरली आहे.

रामकिशननं ठाण्यात अर्ज दिला नाही. देणारच नाही, असंही तो म्हणालेला नाही. मी विचारत नाही.

सिंधूबाई घरी आली. मांडीची कातडी काढून हाताला लावली आहे. तीन बोटं चिकटल्यासारखी राहिली आहेत, डॉक्टर म्हणतात अजून एकदा ऑपरेशन करावं लागेल. भाकरी सासू करते. सासूही आता हिच्या अंगात येतं असं कोणाला म्हणत नाही. रोज संध्याकाळी गोळी रामकिशन देतो. मेंढरं लांब असली तर सासू देते, आणि ती देते तेव्हा गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

तू लिहिलंस, वसमतला चुलत्याच्या दुकानात बसतो, हे काम परत करणार नाही, लायक नाही. आणि शेवटी विचारलंस, सिंधूताईनं मला माफ केलं का.

काल ती संगतीला आली. मला ठाऊक नव्हतं ती येणार आहे. आम्ही चारपाच जणी होतो, गाणं चालू होतं, आणि दारात ती उभी. गालावर पदर ओढलेला. मागं रामकिशन. तो आत आला नाही, बाहेर चपलांजवळ बसला, म्हणाला, "मी हितं बराय." गाणं थांबलं. रूपाबाईनं सरकून तिला जागा केली.

आपली रीत तुला ठाऊक आहे. प्रार्थनेच्या आधी ज्याला जे बोलायचं ते बोलतात. मी सिंधूबाईला विचारलं नाही. मला वाटलं, तिनं नुसतं बसावं. पण तीच म्हणाली, "मला बोलायचंय."

मग ती बोलली. तिच्याच शब्दांत लिहिते, मी त्यात काही घालत नाही.

"बाई, तुमी शिकवलं, माफ करायचं. मी दवाखान्यात पडल्या पडल्या रोज करून पाहिलं. होत न्हाई. त्यानं मला भरवलं, मी खाल्लं. लई दिवस भरवलं त्यानं. चांगलं लेकरू हाय, मला कळतं. पण त्याचं नाव निघालं की माझा हात ठणकतो. देवावर माझा राग न्हाई. त्याच्यावर हाय. मी खोटं बोलून टाळ्या घेऊ शकते, माफ केलं म्हणून. पण मागच्या बारीला इथंच टाळ्या वाजल्या व्हत्या." तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "जवा माफी होईल तवा मी सांगीन. तवर इथं बसू का, का जाऊ?"

बाहेर रामकिशननं मान वर करून आत पाहिलं. विकास, माफीवर मी किती वर्षं बोलत आले आहे. मला शास्त्रातली किती वचनं पाठ आहेत. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी जा म्हणाले असते तर ती उठून गेली असती.

मी म्हणाले, "बस."

एवढंच म्हणाले. मग रूपाबाईनं तिचा चांगला हात आपल्या मांडीवर घेतला आणि आम्ही प्रार्थना केली. तुझं नाव त्यात मी घेतलं नाही. तिचा हात ठणकू नये म्हणून.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. नाही, तिनं तुला माफ केलेलं नाही. माझंही अजून पुरतं झालेलं नाही. कधी सकाळी वाटतं झालं, आणि दुपारी तिची सासू भाकरी थापताना दिसते. हे तुला लिहिताना जड जातं, पण तुला मी आता गोड काही लिहिणार नाही.

आणि तरी मला सोबती हवा आहे. मी एकटी पुरत नाही. मला रूपाबाईच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचता येते, पण तिला पुढच्या महिन्यात परभणीला डोळे दाखवायला न्यायला माणूस नाही. सिंधूबाईच्या ऑपरेशनला नांदेडला कोणीतरी राहायला लागेल. शिवहारकडं पुन्हा जायला लागेल, आणि त्याच्याशी बोलताना तुझ्याइतकं त्याचं दुखणं कोणाला कळणार नाही. लायक माणूस मी मागितला नव्हता, आताही मागत नाही. मी पुन्हा दहा जागी लिहू शकते. पण पहिलं पत्र तुला लिहिते आहे.

लगेच येऊ नको. तिला आधी विचारेन. ती म्हणाली चालेल, तर कळवीन. ती नको म्हणाली, तर तू रूपाबाईला परभणीला ने आणि माझ्या दारावरून परत जा. ज्या रविवारी ती चालेल म्हणेल, त्या रविवारी आत ये. काही बोलायचं नाही, कोणाला काही शिकवायचं नाही. माफी झाली की ती सांगेल.

तोवर येऊन बस.

पद्मामावशी